सापाला तांब्याभर पाणी

दिंद्रुड,
९ एप्रिल २०१९

भारतदादा,

आई बरी आहे. घरात कुणाला काही झालेलं नाही. पाकिटावर माझं अक्षर बघून तुला आधी तेच वाटलं असेल, म्हणून आधी हे लिहिलं.

तू जवळ फोन ठेवत नाहीस, आणि मांजरसुंब्याला येऊन तू काम करतोस त्या वजनकाट्यापाशी ट्रकच्या रांगेत उभं राहून हे सांगण्याची माझी तयारी नाही. म्हणून पत्र.

मी आता आपल्या दूध संस्थेच्या शीतकरण केंद्रावर आहे. तू घर सोडलंस तेव्हा मी उदगीरला दुग्धतंत्रज्ञान शिकत होते. पुढचं तुला कुणी सांगितलं असेल-नसेल. केंद्रावर येणारं दूध मी तपासते. या वर्षी चारा नाही, म्हणून संस्थेने सिरसाळा रस्त्याच्या माळावर छावणी घातली आहे. सभासदांची जनावरं तिथेच बांधलेली असतात आणि माणसंही तिथेच राहतात. दूध आमच्या टेम्पोने केंद्रावर येतं. छावणीचा आणि केंद्राचा मिळून फोनवर एक गट आहे. टँकर कधी येणार, चाऱ्याला उसाचं वाढं किती आलं, कुणाची म्हैस आटली, हे त्यावर चालू असतं.

काल दुपारनंतर त्या गटावर एक फोटो आला.

निळं पिंप, वरून काढलेलं. तळाशी मनगटापेक्षा जाड वेटोळं, रंग एकसारखा राखाडी. डोकं वेटोळ्याखाली दडलेलं, शेपूटही तशीच. फोटो थोडा हललेला होता. खाली रामहरीकाकांनी लिहिलं होतं, 'मांडूळ घावलं.' रामहरीकाका म्हणजे छावणीचे मुकादम. तू त्यांना ओळखतोस, आपल्या लिंबाखाली पत्ते खेळायला बसायचे. त्याखाली लगेच नमस्काराची चित्रं आली, नशीब उघडल्याचे निरोप आले, आणि एकाने विचारलं की वजन केलं का, मांडुळाला वजनावर लाखांचा भाव मिळतो हे वेड अजून आहे. या सगळ्याच्या मध्ये एक ओळ होती. वैरणीच्या ढिगातून वाढं ओढताना एका सभासद बाईच्या हाताला तो चावला, पण मांडूळ असल्यामुळे काळजी नाही, हळद लावून बसवलं आहे.

मी असा साप पाहिला नव्हता. मांडूळ तपकिरी असतं, हा राखाडी होता. अंगावर एकही ठिपका नाही, पट्टा नाही. मी फोटो मोठा करून बघितला. तेव्हा दिसलं की तो रंग सापाचा नव्हता, राखेचा होता. छावणीच्या मागे वीटभट्ट्या आहेत. परळीच्या वीज केंद्राची राख तिथे ट्रकने येऊन पडते, साप त्या ढिगातून आला असणार. आणि राख त्याच्या अंगावर नुसती पसरली नव्हती, ती बारीक रेघांमध्ये धरून बसली होती. प्रत्येक खवल्याच्या मधोमध कणा असल्याशिवाय अशा रेघा पडत नाहीत. मांडुळाचं अंग गुळगुळीत असतं. त्याच्यावरून राख घसरून गेली असती.

म्हणजे मांडूळ नाही. पण मग काय, ते मला अजून सांगता येत नव्हतं. खरखरीत अंगाचा, आखूड, जाड, असे दोन साप आपल्याकडे आहेत. त्यातल्या एकाला विष नाही. दुसऱ्याचं तुला सांगायला नको.

मी रामहरीकाकांना फोन लावला. म्हटलं, त्या बाईला विचारा, पण सापाचं नाव विचारू नका, तो काय करत होता तेवढं विचारा. त्यांनी लांबूनच हाळी दिली. उत्तर माझ्यापर्यंत आलं नाही, काकांनी हसत सांगितलं.

"म्हणती, लई डुरकत व्हता. भ्यालीय ती, मॅडम. मांडूळ कुठं डुरकत असतंय व्हय?"

त्या शब्दाने मला काय झालं हे तुला लिहायची गरज नाही, आणि मी लिहिणारही नाही. मी म्हटलं, पिंपात पाणी ओता. लांबून, काठीला तांब्या बांधून. राख धुऊन निघाली की परत फोटो काढा.

फोन त्यांनी मोठ्या आवाजावर ठेवला होता. पलीकडे हशा झाला.

"मॅडम, हितं माणसं टँकरची वाट बघत बसल्यात, अन् तुमी सापाला आंघोळ घालाय लावता?"

मागून कुणी तरी म्हणालं, "साबण बी धाडा म्हणावं."

त्याच वेळी गटावर एक निरोप येऊन पडला. 'भावाने ऐकून सांगितलं, बहीण बघून सांगते.' कुणाचा ते लिहीत नाही. मी तो वाचला आणि पाण्याचं परत एकदा सांगितलं, पहिल्यापेक्षा हळू आवाजात.

दादा, पाणी शेवटी त्या बाईनेच दिलं. तिच्या वाट्याचा तांब्या तिच्याजवळ होता. काका सांगत होते की ती बसल्या जागेवरून म्हणाली, घ्या माझं, मला तसंही पाणी जाईना झालंय.

दुसरा फोटो आला. निम्मं अंग धुतलं गेलं होतं. धुतलेल्या भागावर पाठीच्या मधोमध तपकिरी गोल, एकापुढे एक, सुटे सुटे, प्रत्येकाला काळी किनार, आणि बाजूला त्याच गोलांची दुसरी ओळ. साखळी. गोल एकमेकांत मिसळलेले नव्हते, वेडेवाकडेही नव्हते. पाण्यामुळे त्याने डोकंही बाहेर काढलं होतं. मान बारीक होती.

मी गटावर एकच शब्द लिहिला, घोणस. आणि आमचे चेअरमन मोहनराव यांना फोन केला, कारण छावणीवर त्या घडीला एकच गाडी होती, दुधाचा टेम्पो, आणि तो त्यांच्या शब्दाशिवाय हलत नाही. ते म्हणाले, संध्याकाळचं दूध भरायचं आहे, फोटो बघून टेम्पो रिकामा धाडायचा का? ऊन असं आहे की दूध घडीभर टिकणार नाही. अॅम्ब्युलन्स मागवू.

मी म्हटलं, "रोज फॅटच्या नळीतली एक रेघ बघून मी दुधाला नाव देते आणि तुम्ही त्यावर सही करता. आजही बघूनच सांगते आहे. चुकले तर उद्यापासून मी येणार नाही."

 मग ते म्हणाले, जाऊ द्या टेम्पो.

परळीत तिला विषावरची पहिली सुई मिळाली, तिथून अंबाजोगाईला नेलं. आज ती तिथे आहे. याहून जास्त मला अजून माहीत नाही.

राखेची गोष्ट तुला नवी असेल, म्हणून एवढं सविस्तर लिहिलं. तू आता साप बघत नाहीस हे मला माहीत आहे.

शिवकन्या

---

दिंद्रुड,
१३ एप्रिल २०१९

भारतदादा,

ती वाचली. काल डॉक्टरांनी तसं सांगितलं.

पहिल्या पत्रात मी तिचं नाव लिहिलं नाही. मला ते टेम्पो निघाल्यावर कळलं होतं, म्हणजे पत्र लिहिताना माहीत होतं. पण ती जगेल की नाही ते माहीत नव्हतं, आणि ती गेली असती तर तिचं नाव मी तुला पत्राने कळवलं नसतं.

छबुबाई. वाडीच्या धुळाजीची बायको.

आता पत्र खाली ठेवू नकोस. पुढचं वाच.

मी परवा अंबाजोगाईला गेले होते. संस्थेची म्हणून गेले, बरोबर सभासदांनी दिलेला डबा होता. तिचा हात खांद्यापर्यंत सुजला आहे, बोटं काळीनिळी आहेत, पण हलतात. तिथल्या डॉक्टर बाईंनी सांगितलं की आल्या आल्या तिचं रक्त काचेच्या नळीत घेऊन ठेवलं, आणि नळी कलती केली तर ते पाण्यासारखं वाहिलं, गोठलंच नाही. मी म्हटलं, दुधासाठी मीही नळ्या कलत्या करते. त्या हसल्या आणि म्हणाल्या, तुम्ही वेळेवर पाठवलंत, आणखी उशीर झाला असता तर मूत्रपिंडं गेली असती. तू असतास तर त्यांना पुढचं विचारलं असतंस. मला एवढंच ऐकायचं होतं.

छबुबाईने मला चेहऱ्यावरून ओळखलं. मी तुझ्यासारखी दिसते असं सगळेच म्हणतात. ती बराच वेळ छताकडे बघत होती.

"तू भारतची भण ना?"

"होय."

"मंग त्या दिशी फोनवर तुजं नाव कावून न्हाई सांगितलंस?"

"तुम्ही विचारलं नाही."

"इचारलं असतं तर?"

"सांगितलं असतं."

तिने मान वळवून पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं. म्हणाली, "मंग म्या पाणी दिलं नसतं."

मी उठले. डबा ठेवला, पाण्याची बाटली भरून उशाशी ठेवली आणि एसटीने परत आले. वाटेत विचार करायला वेळ होता. ज्याचा विचार केला ते लिहिते, कारण ते मी आजपर्यंत आईशीही बोललेले नाही.

तीन वर्षांपूर्वी, त्याही दुष्काळात, छबुबाईने तुला वाडीवरून फोन केला की नवऱ्याला डुरक्या चावला. तू कॉलेजात शिकलेला, तालुक्यात सर्पमित्र म्हणून तुझं नाव होतं, लोक देवऋषी सोडून तुला विचारू लागले होते. पुस्तकात डुरक्या घोणस म्हणून एक साप आहे. नावात घोणस आहे, पण त्याला विष नाही. तो साप तुझ्या डोळ्यांसमोर आला. तू म्हणालास, डुरक्याला विष नसतं, घाबरू नका, जखम धुऊन घ्या. धुळाजी तिसऱ्या दिवशी गेला.

वाडीवर डुरक्या कशाला म्हणतात ते मी नंतर जाऊन विचारलं होतं. तू निघून गेल्यावर. आपण गावातले लोक ज्याला घोणस म्हणतो, त्यालाच वरच्या वाडीवर डुरक्या म्हणतात, कारण तो बैलासारखा डुरकतो. पुस्तकातला डुरक्या कधी तसा डुरकत नाही. मैल दोन मैलांच्या अंतरावर एकच शब्द दोन सापांना आहे, आणि हे कुठल्याही पुस्तकात लिहिलेलं नाही.

तुझं वाक्य चुकीचं नव्हतं, दादा. ते दुसऱ्या सापाबद्दल होतं.

यावरून तू निर्दोष होतास असं मी म्हणत नाही. तू बघायला जायला हवं होतंस, निदान विचारायला हवं होतंस की तो डुरकत होता का. पण त्या एका फोननंतर तू फोनच ठेवायचा बंद केलास, साप बघायचं सोडलंस, आणि आता ट्रक मोजतोस. मी उलटं केलं. नाव ऐकायचं सोडलं. मला कुणी सापाचं नाव सांगू लागलं की मी मध्येच थांबवते आणि म्हणते, फोटो पाठवा. लोकांना ते उद्धट वाटतं. वाटू दे.

आणि बघायचं कसं ते मला तूच शिकवलंस. आठवीत असताना तू मला पेन्सिलीने खवले काढायला बसवायचास, कणा असलेले वेगळे, नसलेले वेगळे. मी कंटाळून रडले होते एकदा. राखेतल्या रेघा मला त्या वहीमुळे दिसल्या. तुझं श्रेय तुला कळवलं, एवढंच.

शिवकन्या

---

दिंद्रुड,
२ मे २०१९

भारतदादा,

उत्तर आलं नाही. पाकीट परतही आलं नाही, म्हणजे तू ते घेतलंस. तेवढं पुरे.

त्या संध्याकाळच्या दुधाचं काय झालं हे लिहायचं राहिलं होतं. मला ते नंतर कळलं, आणि संस्थेत काम करत असल्याचा मला इतका अभिमान आजवर वाटला नव्हता.

टेम्पो गेला. कॅन भरून उभे होते. वर ऊन होतं, बर्फ नव्हता. मोहनरावांनी टेम्पोला हो म्हटलं तेव्हा दूध गेलंच असं धरून म्हटलं होतं. छावणीवरच्या बायकांनी तसं धरलं नाही. जानकीबाई म्हणून दिंद्रुडचीच एक सभासद आहे, तिच्या माहेरी खव्याच्या भट्ट्या आहेत. ती म्हणाली, जनावरांनी गोवऱ्यांचा डोंगर करून ठेवलाय, तो काय पूजेला ठेवायचाय? छावणीच्या स्वयंपाकाच्या कढया तिने उतरवून घेतल्या, चुली पेटवल्या, आणि ज्या बायका एरवी एकमेकींच्या दुधात पाणी आहे म्हणून माझ्याकडे चुगल्या करतात, त्या ओळीने उलथणी घेऊन बसल्या. आपलं कुठलं, तिचं कुठलं, असं कुणी विचारलं नाही. सगळं दूध एका ठिकाणी आटवलं. सकाळी टेम्पो परतला तेव्हा त्यात खवा भरून गेला.

मी तो खवाही तपासला. सवयीने. चांगला होता. थोडा धुरकट.

परवा संस्थेची बैठक झाली. मोहनराव खुर्चीवरून म्हणाले, आपल्या संस्थेने निर्णय घेऊन वेळेवर गाडी सोडली, त्यामुळे एका सभासद भगिनीचा जीव वाचला. मागे बसलेले रामहरीकाका मोठ्याने म्हणाले, "चेअरमनसायेब, टेम्पोला बी हार घाला की मंग." सगळे हसले. मोहनरावही हसले. काकांनी पुढे येऊन हेही सांगितलं की मांडूळ समजून त्याला पोत्यात भरायला निघालेले तेच होते, आणि पोत्याचं तोंड धरायला त्यांनी स्वतःच्या पोराला उभं केलं होतं. हे त्यांना कुणी विचारलं नव्हतं. नंतर चहाच्या वेळी ते माझ्याजवळ आले आणि म्हणाले, मॅडम, सापाला आंघोळ घातली ते बरं केलंत. मी म्हटलं, काका, तुम्ही मला लहानपणी शिवे म्हणायचात. ते लाजले.

साप वनरक्षकाने नेऊन डोंगरात सोडला. मी बरोबर गेले होते. मी हात लावला नाही. तुझ्यासारखं मला पकडता येत नाही. पिंप आडवं केल्यावर तो क्षणभर तिथेच थांबला आणि डुरकला. मी तो आवाज याआधी ऐकला नव्हता. वाडीच्या लोकांनी त्याला दिलेलं नाव मला पुस्तकातल्यापेक्षा बरोबर वाटलं.

बैठकीत एक ठरलं, माझ्या मागणीवरून. प्रत्येक संकलन केंद्राच्या भिंतीवर सापांचे फोटो लावायचे. खाली पुस्तकातलं नाव नाही. त्या त्या गावात, वाडीवर, तांड्यावर जे म्हणतात ते नाव, जितकी असतील तितकी. दूध घालायला आलेली माणसं येता-जाता सांगतात, मी लिहून घेते. घोणशीच्या फोटोखाली आता चार नावं झाली आहेत. त्यातलं पहिलं डुरक्या आहे. मी ते मुद्दाम पहिलं लिहिलं.

फोटो तुझे आहेत. आईच्या ट्रंकेतून काढले. तू विचारण्याआधीच सांगते, परवानगी घेतलेली नाही.

शिवकन्या

---

दिंद्रुड,
२७ मे २०१९

भारतदादा,

छबुबाई दवाखान्यातून परत आली आहे. छावणीवर म्हैस परत तिच्या ताब्यात आहे, डाव्या हाताने दूध काढायला शिकते आहे. म्हैस लाथ मारते, ती शिव्या देते. दोघी ठीक आहेत.

ती काल आपल्या घरी आली होती. हे मला तुला सांगावं की नाही यावर मी दोन दिवस घालवणार होते, पण आई म्हणाली, तू न लिहिलंस तर मी जाते मांजरसुंब्याला. म्हणून लिहिते.

ती दारातून आत आली नाही. ओट्यावर बसली. आईने पाणी दिलं, ते घेतलं. दोघी पावसाचं, टँकरचं बोलल्या. तुझा विषय कुणी काढला नाही. दारासमोरच्या भिंतीवर तुझा बक्षिसाचा फोटो आहे, नागाची सुटका केल्याबद्दल कलेक्टरांच्या हातून घेतलेला. आईने तो तीन वर्षं उतरवलेला नाही आणि पुसलेलाही नाही. छबुबाई त्याच्याकडे बघत होती. मग माझ्याकडे वळली.

"तू त्याला कागद धाडतीस म्हणं."

मी म्हटलं, धाडते.

"म्या माफ केलं असं लिहू नगंस. म्या केलं न्हाई."

मी म्हटलं, लिहिणार नाही.

"पर हे लिही." ती उठली, पदर सावरला. दुखऱ्या हाताने तिला तो नीट घेता येत नव्हता आणि आईने मदत केलेली तिला चालली नाही. "वाडीवर परवा पोरांनी फोटो काढला सापाचा. तुला धाडला, तू केंद्रावर कामात, सांजच्याला बघितलास. तवर समदी वाडी दारात बसून. लिही, का फोटो बघाया माणूस कमी पडतंय."

एवढं बोलून ती गेली. आईने तिचा पेला धुतला नाही, तसाच हातात धरून बसली. मी केंद्रावर निघून गेले.

तिने सांगितलं ते शब्दाला शब्द लिहिलं आहे. त्यात माझं काही नाही. मी तुला घरी ये म्हणत नाही.

मला फक्त एका फोटोबद्दल विचारायचं आहे. सोबत ठेवला आहे. माजलगावच्या स्टुडिओतून छापून घेतला, कारण तू फोन ठेवत नाहीस. काळा साप, पांढरे पट्टे, गोठ्यातल्या गव्हाणीत सापडला. मण्यार आणि कवड्या यांतला कोणता, एवढंच सांग. एकाने माणूस झोपेत मरतो, दुसरा पाली खातो, हे तुला मी सांगायला नको. या फोटोवर कुणाचा जीव अवलंबून नाही, तो साप केव्हाच निघून गेला. माझं उत्तर ठरलेलं आहे. तुझं त्याच्याशी जुळतं का ते बघायचं आहे.

फोटोच्या मागे जागा आहे. तिकीट लावलेलं पाकीटही ठेवलं आहे. काटा रिकामा असेल तेव्हा बघ.

शिवकन्या

---

दिंद्रुड,
२१ जून २०१९

दादा,

तुझं पत्र मिळालं. पत्र म्हणावं असं त्यात काही नाही. माझाच फोटो परत आला, आणि त्याच्या मागे वजनकाट्याच्या निळ्या शाईत तुझं अक्षर.

'मान दिसत नाही. पट्टे मानेपासून सुरू होतात की मागून, ते कळल्याशिवाय नाव सांगणार नाही. असा अर्धा फोटो काढून पाठवायला तुला कुणी शिकवलं? दुसरा पाठव.'

मी ते केंद्रावर उभी राहून वाचलं. हातात नळी होती, ती खाली ठेवली. मग परत वाचलं. जानकीबाई दूध घेऊन समोर उभी होती, तिने विचारलं, मॅडम, काय झालं? मी म्हटलं, काही नाही, माझ्या भावाचं उत्तर बरोबर आलं.

माझंही उत्तर तेच होतं, दादा. मान मी स्टुडिओत मुद्दाम कापायला लावली होती. कॅमेरावाला म्हणाला, ताई, चांगला फोटो खराब कशाला करताय? मला बघायचं होतं की तू नाव सांगतोस का. तू मण्यार म्हटलं असतंस किंवा कवड्या म्हटलं असतंस, ते अंदाजाने बरोबर निघालं असतं तरीही मी तुला पुन्हा कधी लिहिलं नसतं.

आईला मी ती ओळ वाचून दाखवली. रागावलास ती ओळही. तिने खुर्ची ओढली, भिंतीवरचा तुझा फोटो उतरवला, पदराने पुसला आणि परत टांगला. थोडा वाकडा लागला आहे. मी सरळ केला नाही.

पाऊस अजून नाही. छावणी सुरू आहे. छबुबाईला मी तुझी ओळ सांगितली नाही, ती तिला सांगण्यासारखी वाटली तर तुझी तू सांग.

दुसरा फोटो मी पाठवणार नाही. मानेसकट पूर्ण फोटो केंद्राच्या भिंतीवर लावला आहे, दारातून आत आल्यावर उजव्या हाताला, घोणशीच्या शेजारी. खाली नावाची जागा कोरी ठेवली आहे. मांजरसुंब्याहून बीडला, बीडहून माजलगावला, तिथून दिंद्रुडला गाडी आहे. येऊन बघ, आणि लिही.

शिवकन्या